कै. पालवणकर बाळू

विद्यार्थी मित्रहो, ठाकूरद्वारच्या नाक्यावरून पश्चिमेकडे निघून आगगाडीचे रूळ ओलांडले, म्हणजे समुद्राच्या काठाने ओळीने लागलेली जिमखान्यांची पटांगणे दृष्टीस पडतात. त्यांतच हिंदू जिमखाना आहे, इस्लाम जिमखाना आहे, पारशी जिमखाना आहे. संध्याकाळी तेथे चेंडूफळीचा खेळ चाललेला आपण पाहतो. परंतु या पटांगणांना अशी जातवार नावे का पडली, आणि एके काळी या नावांनीच मुंबईतील सर्वांत मोठे सामने कसे खेळले जात, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. तो यावा म्हणून आज मी एका मनुष्याचे चरित्र सांगणार आहे. ज्या युगात खेळाडू हा पगारी नोकर होता त्या युगात हा मनुष्य वाढला. आणि ज्या युगात खेळाडू हा राष्ट्राचा प्रतिनिधी झाला त्या युगाचे दार त्याने आपल्या डाव्या हाताने ढकलून उघडले. मात्र त्या दारातून आत जाण्याचे भाग्य त्याच्या वाट्यास आले नाही. त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळू यांचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील, आणि आडनाव पालवण या गावावरून पडलेले. जातीने ते चांभार; म्हणजे त्या काळच्या समाजव्यवस्थेत ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानीत अशा वर्गातील. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे बाळूंचे बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेले. गोरे अधिकारी खेळून टाकून देत त्या जुन्या फळ्या आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम हे खेळावयास शिकले. त्यांच्यामागून विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही पुढे याच खेळात नावारूपास आले. एका गरीब घरातून चार उत्तम खेळाडू निघावे, ही गोष्ट आपल्या देशाच्या क्रीडेतिहासात विरळाच म्हटली पाहिजे.

शाळेचे शिक्षण फार दिवस चालले नाही. घरची गरज मोठी होती. बाळूंनी प्रथम पुण्यातील एका पारशी क्लबात नोकरी धरली. काम पटांगण झाडण्याचे, खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचे आणि अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे. वेतन दरमहा 3 रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबात गेले. तेथे वेतन 4 रुपये झाले. जाळी बांधावी, खुणेच्या रेघा मारून ठेवाव्या, आणि साहेब लोक फळी घेऊन उभे राहिले म्हणजे त्यांना तासन्‌तास चेंडू टाकावे, हा त्यांचा नित्यक्रम होता.

येथे थोडे थांबून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी खेळाडूंचे दोन वर्ग असत. एक हौशी आणि दुसरा धंदेवाईक. खुद्द इंग्लंडातही या दोन वर्गांची पटांगणात येण्याची दारे निराळी असत, कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या असत, आणि धावफलकावर नावे लिहिण्याची रीतही निराळी असे. हा भेद तेथे 1962 साली कायमचा मोडला. आपल्या देशात तर धंदेवाईक खेळाडू म्हणजे निव्वळ चाकर. साहेबाने फळी मारावी आणि चाकराने चेंडू टाकावा. पूना क्लबात बाळूंनी शेकडो तास चेंडू टाकले, परंतु फळी हाती घेऊन उभे राहण्याची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही, असे सांगतात. फलंदाजी हे धन्याचे काम, गोलंदाजी हे नोकराचे, अशी ती वाटणी होती.

तथापि ज्या वाटणीने त्यांना हीन लेखले त्याच वाटणीने त्यांना घडविले. क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. ते इतर सभासदांच्या आधी येऊन एकट्या बाळूंकडून चेंडू टाकवून घेत. बाद केल्यास दर खेपेस 8 आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एवढे मात्र निश्चित की, त्या काळच्या एका उत्कृष्ट फलंदाजासमोर रोज चेंडू टाकून बाळूंच्या हाताला अलौकिक वळण लागले. ते डाव्या हाताने मंदगती चेंडू टाकीत. चेंडूचा टप्पा अचूक, वेग चेंडूगणिक बदलता, आणि जमिनीवर पडताच चेंडू कोणत्या बाजूस वळेल याचा फलंदाजास अदमास नाही, असे त्यांच्या गोलंदाजीचे स्वरूप होते. शिवाय दिवसभर चेंडू टाकला तरी हात थकत नसे. कारण थकण्याची सवलत नोकराला नव्हतीच.

पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियनांवर विजय मिळवावयाचा होता, आणि विजय मिळवून देणारा हात तर बाळूंचा होता. परंतु त्यांना संघात घ्यावे की नाही यावरून सभासदांत दोन तट पडले. अखेर गुणांचा विजय झाला आणि बाळू संघात आले. पण पूर्णपणे आले असे म्हणवत नाही. पटांगणात त्यांनी टाकलेला चेंडू सर्वजण झेलीत. तोच चेंडू त्यांच्या हातून त्यांच्या हाती जाई, आणि त्याचा विटाळ होत नसे. परंतु चहाची वेळ झाली म्हणजे बाळूंचा चहा मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणाचे पान निराळे, बसण्याची जागा निराळी. तोंड धुवावयाचे असल्यास पाणी घालण्यास त्यांच्यासारखाच कोणी अस्पृश्य नोकर यावा लागे. मुलांनो, आपण क्षणभर कल्पना करून पाहा. सकाळी ज्याने सात गडी बाद करून संघाची लाज राखली, त्याने दुपारी सर्वांपासून दूर, उन्हात उभे राहून मातीच्या वाडग्यातून चहा प्यावा! बाळूंनी तो प्याला. त्यांनी भांडण केले नाही आणि खेळही सोडला नाही. त्यांच्या मनात काय चालले असेल हे ज्याचे त्याने ताडावे.

साताऱ्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्याशी पुण्याच्या हिंदूंचा सामना ठरला, त्याची हकीकत मनोरंजक आहे. बाळूंच्या गोलंदाजीची धार बोथट व्हावी म्हणून यजमानांनी आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी दगडासारखी करून ठेवली होती, असे म्हणतात. तरीही बाळूंनी 7 गडी बाद केले आणि पुणेकरांनी सामना जिंकला. परत आल्यावर पुण्यात त्यांचा सत्कार झाला, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषाने त्यांच्या गळ्यात हार घातला. ज्यांच्याबरोबर खेळता येते त्यांच्याबरोबर जेवता का येऊ नये, हा प्रश्न रानडे यांनी या निमित्ताने समाजापुढे ठेवला.

एकोणिसावे शतक संपत आले त्या सुमारास प्लेगच्या साथीने मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे हादरून गेली. त्याच धामधुमीच्या काळात बाळू मुंबईस आले. येथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना 1894 साली स्थापन झालेला होता. तेथेही बाळूंच्या प्रवेशास काही सभासदांनी हरकत घेतली. परंतु कीर्तिकर नावाच्या कर्णधारांनी आग्रह धरला आणि बाळू जिमखान्याकडून खेळू लागले. पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली व तिच्या संघाकडूनही ते खेळले. म्हणजे एका अर्थी ते अद्यापि पगारी खेळाडूच होते. फरक एवढाच की, आता पगार झाडूसाठी नव्हता.

1906 च्या फेब्रुवारी महिन्यात बाँबे जिमखान्याच्या पटांगणावर हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. पारशी लोकांनी युरोपियनांना पूर्वीच हरविले होते. हिंदूंची ही पहिली कसोटी होती. बंगालच्या फाळणीने देश पेटलेला, स्वदेशीची चळवळ जोरात, आदल्याच वर्षी जपानने रशियास नमविलेले. अशा वेळी चेंडूफळीचा सामना केवळ खेळ राहिला नव्हता. हिंदूंनी पहिल्या डावात 242 धावा केल्या, युरोपियनांनी 191. दुसऱ्या डावात हिंदू 160 धावांत आटोपले. परंतु बाळूंनी आणि त्यांच्या जोडीस एराशा यांनी असा काही मारा केला की, युरोपियनांचा सारा संघ 102 धावांत गारद झाला आणि हिंदूंनी 109 धावांनी सामना जिंकला. धाकटे बंधू शिवरामही या संघात होते. सुधारक पक्षाच्या पत्रांनी या विजयाचे स्वागत केले, ते धावांपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. पुण्यात ज्या बाळूंना मंडपाबाहेर चहा मिळे, ते मुंबईत इतर हिंदू खेळाडूंच्या पंक्तीस बसून जेवले होते. पंधरा वर्षांत एवढे अंतर कापले गेले ते चेंडूच्या जोरावर.

पुढच्याच वर्षी, 1907 साली, युरोपियन, पारशी आणि हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. 1912 साली मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. हाच मुंबईच्या चेंडूफळीचा सुवर्णकाळ. सामन्यांच्या दिवसांत कचेऱ्या ओस पडत. गिरगावातील चाळीचाळींतून एकच विषय असे. धर्मावरून संघ बांधलेले. तथापि पहिल्या काळी लोक चांगल्या खेळाला, तो कोणीही खेळो, टाळी देत. या सामन्यांत हिंदूंच्या गोलंदाजीचा सारा भार वर्षानुवर्षे बाळूंच्या खांद्यावर होता.

1911 साली पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला. हिंदू, मुसलमान आणि पारशी यांचा मिळून झालेला हा पहिलाच संघ होय. त्या वेळी बाळू 35 वर्षांचे होते. कर्णधार महाराज राज्यारोहणाच्या समारंभांत गुंतलेले असल्याने थोडेच सामने खेळले. संघाने 23 सामन्यांपैकी 15 गमावले, आणि एकंदर दौरा अपयशी ठरला. परंतु या अपयशातही एक नाव झळकले. बाळूंनी दौऱ्यात 114 गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी 103 धावांत 8 बळी घेतले. लेस्टरशायरच्या नामांकित संघावर मिळालेल्या विजयात त्यांचाच वाटा मोठा होता, आणि सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी शतक ठोकून विजय खेचून आणला. ज्या गोऱ्या लोकांच्या क्लबात ते रेघा मारीत, त्यांच्याच मायभूमीत पुण्याचा हा जुना नोकर पहिल्या प्रतीचा गोलंदाज म्हणून गौरविला गेला. परत आल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्यात त्या वेळी कॉलेजात शिकत असलेले भीमराव आंबेडकर यांनी पुढाकार घेतला होता, असे सांगतात. अस्पृश्य मुलांपुढे तेव्हा अभिमानाने बोट दाखवावे असा पुरुष म्हणजे बाळूच होते.

इतके सर्व झाले तरी एक गोष्ट त्यांना नाकारण्यात आली. हिंदू संघाचे कर्णधारपद! अनुभवाने, वयाने आणि गुणाने तेच त्याचे अधिकारी होते. परंतु दरवर्षी ते पद उच्च जातीच्या कोणा खेळाडूकडे जाई. चेंडू टाकावा अस्पृश्याने, हुकूम सोडावा दुसऱ्याने. पूना क्लबातील वाटणी नव्या वेषात येथेही आलीच होती. 1920 साली तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा मात्र शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी जाहीर निषेध करून खेळण्यास नकार दिला. वृत्तपत्रांतून चर्चा झाली. शेवटी समितीला नमते घ्यावे लागले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिघेही भाऊ परत आले. बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. त्या सामन्यात कर्णधार पै हे काही वेळ मुद्दाम पटांगण सोडून गेले. हेतू हा की, तेवढा वेळ तरी संघ बाळूंच्या आज्ञेत चालावा. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही दुसऱ्याच्या सौजन्याने, काही घटकांपुरते कर्णधारपद मिळाले. पै यांच्या उदारपणाचे कौतुक करावे, की ज्या समाजात न्याय हा उदारपणाच्या मागील दाराने यावा लागतो त्या समाजाबद्दल खेद करावा, हे आपण ठरवावे.

बाळूंचा खेळ येथे संपला. प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांत त्यांनी 179 बळी घेतले, आणि प्रत्येक बळीमागे सरासरी अवघ्या 15 धावा दिल्या. यावरून त्यांच्या योग्यतेची कल्पना येईल. परंतु त्यांचे खरे यश या आकड्यांत नाही. तीनच वर्षांनी, 1923 साली, धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांचा पराभव करून चौरंगी सामने जिंकले, आणि सर्व जातींच्या प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून नेले. ज्या खांद्यांना एके काळी पालवणकरांचा विटाळ होई, त्याच खांद्यांवर तो पालवणकर बसला होता. मोठ्या भावाने पेरले ते धाकट्याने कापले. पण पीक एकाच शेतातले.

यानंतर खेळाचे युग झपाट्याने पालटत गेले. 1932 च्या जून महिन्यात लॉर्ड्सच्या पटांगणावर सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानने आपला पहिला कसोटी सामना खेळला. बाळू तेव्हा 56 वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांचे नाव एका अगदी निराळ्या ठिकाणी झळकले. अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध महात्मा गांधींनी येरवड्यास उपोषण आरंभिले होते. त्या वेळी तडजोड व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत बाळू होते, आणि सप्टेंबरात झालेल्या पुणे करारावर डॉ. आंबेडकरांबरोबर बाळूंचीही सही आहे. पुढे 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकर सुमारे 2 हजार मतांनी निवडून आले. ज्या तरुणाने एके काळी बाळूंचा गौरव केला, त्याच्याच विरुद्ध त्यांना उतरावे लागले. अस्पृश्यांचा उद्धार हिंदू समाजात राहून त्याचे मन वळवून होईल असे एकाला वाटे. आपले हक्क आपणच मिळविले पाहिजेत अशी दुसऱ्याची खात्री झाली होती. दोघांनीही ते मातीचे भांडे पाहिले होते. त्यातून निघणारे धडे मात्र निराळे होते. जो मार्ग बाळूंनी पत्करला तो त्यांच्या आयुष्याला धरूनच होता, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. आणि खेळातल्या एका यशाने साऱ्या समाजाची दारे उघडत नाहीत, हे डॉ. आंबेडकरांच्या बाजूने तितकेच खरे आहे.

इकडे चौरंगी सामन्यांचे दिवसही भरत आले होते. 1934 साली प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा निघाली. 1937 साली चौरंगीचे पंचरंगी झाले. ख्रिस्ती व इतर अल्पसंख्याक यांचा मिळून पाचवा संघ त्यात आला. आपल्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचे भूषण, सांगलीचे विजय हजारे, या संघातून खेळत. 1943 साली हिंदूंविरुद्ध संघाच्या 387 धावांपैकी एकट्या हजाऱ्यांनी 309 केल्या, हा पराक्रम आजही सांगितला जातो. पण दिवसेंदिवस राजकारणातील जातीय तेढ वाढत चालली. धर्मावर संघ बांधणे हे विषाला पाणी घालणे आहे, असे विचारी लोकांस वाटू लागले. 1940 साली गांधींनीही या सामन्यांविरुद्ध मत दिले. अखेर 1945-46 च्या हंगामानंतर हे सामने कायमचे बंद पडले. पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. एक युग संपले, दुसरे सुरू झाले. आता खेळाडू हिंदू, पारशी किंवा ख्रिस्ती म्हणून उतरत नाही, तर मुंबईचा, महाराष्ट्राचा किंवा भारताचा म्हणून उतरतो.

1955 च्या जुलै महिन्यात, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, बाळू मुंबईत निवर्तले. पहिल्या कसोटीपूर्वीच त्यांचे वय निघून गेले. ज्या जिमखान्याला त्यांनी विजय मिळवून दिले त्याचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. आणि ज्या सामन्यांत त्यांची कीर्ती झाली ते सामनेच मोडले, म्हणून ती कीर्तीही पुष्कळ अंशी विसरली गेली. आज 2008 पासून सुरू झालेल्या लीगच्या सामन्यांत खेळाडूंचे भर सभेत लिलाव होतात आणि कोट्यवधी रुपयांचे आकडे पुकारले जातात. धंदेवाईक या शब्दात पूर्वी जो हीनपणा होता तो समूळ गेला आहे, आणि गेला हे उत्तमच झाले. परंतु तो आपोआप गेला नाही. दरमहा 4 रुपयांवर चेंडू टाकणाऱ्या एका मनुष्याने त्या शब्दाला प्रथम प्रतिष्ठा मिळवून दिली.

मुलांनो, उद्या तुम्ही त्या पटांगणांवर खेळावयास जाल. तेथे खेळपट्टीवर पाणी मारणारा, रूळ ओढणारा, जाळी बांधणारा कोणीतरी माणूस असेल. बहुधा तुम्हांला त्याचे नावही ठाऊक नसेल. पाणी पिण्याची वेळ झाली म्हणजे आपल्याच भांड्यातले पाणी त्याला द्या, आणि त्याचे नाव विचारा. एखादे वेळी त्याच्या हातीही चेंडू द्या, आणि फळीही द्या. पालवणकर बाळूंचे स्मारक याहून चांगले दुसरे होणार नाही.